विमानतळाची रंगीत तालीम

परीक्षेच्या आदल्या दिवशी सेंटर बघून यायचं असतं. ज्या घरात हे शिकवलं जात नाही, त्या घरातल्या माणसांशी माझं फारसं जमत नाही. दहावीला माझं सेंटर आमच्या घरापासून चार इमारती सोडून होतं, तरी वडील मला आदल्या दिवशी तिथे घेऊन गेले होते. वर्ग पाहिला, बाक पाहिला, पाण्याचा नळ कुठे आहे ते पाहिलं आणि परत आलो. पेपर कसा गेला ते विचारू नका, पण वेळेवर पोचलो होतो. पुढे लग्नाआधी मी कार्यालय बघून आलो, दीप्तीच्या जन्माआधी हॉस्पिटल बघून आलो आणि निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात बँकेत पेन्शनची खिडकी कुठली तेही बघून आलो. तेव्हा माझी बायको उत्तरा आयुष्यात पहिल्यांदा एकटी विमानाने जाणार म्हटल्यावर मी विमानतळ बघून यायचं ठरवलं, यात सोसायटीला हसण्यासारखं काय वाटलं ते मला अजून कळलेलं नाही.

जायचं होतं बंगळुरूला. आमची मुलगी दीप्ती आणि जावई मुकुल तिथे नोकरी करतात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण दीप्तीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, माझी डॉक्टर इथे, इन्शुरन्स इथे, मी कुठे येऊ? तूच ये ना." म्हणजे माहेरालाच उठून जायचं होतं, आणि विमान कंपनी पंधरा किलोंच्या वर सामान नेऊ देत नसल्यामुळे सगळं माहेर पंधरा किलोंत बसवायचं होतं. मुकुलच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे पोरीजवळ घरचं मोठं बाईमाणूस कुणीच नव्हतं. बाळ यायच्या आत उत्तरा तिथे पोचायला हवी, एवढी एकच गोष्ट खरी महत्त्वाची होती. डॉक्टरांनी दिलेली तारीख अठरा दिवसांवर होती. मी तिकीट काढलं ते नऊ दिवसांनंतरचं.

तिकीट मी स्वतः काढलं. "बाबा, मी काढते," असं दीप्ती तीनदा म्हणाली, पण चौतीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून काम केलेल्या माणसाला एक तिकीट काढता येऊ नये? फोनवर 'मुंबई' दिसलं, 'बंगळुरू' दिसलं, वेळ सोयीची दिसली, मी बटण दाबलं. संध्याकाळी गेटपाशी तळमजल्यावरच्या चंद्रप्रकाश परबला मोठ्या अभिमानाने ते दाखवलं. चंद्रप्रकाशचे वडील मालवणहून गिरणीत कामाला आले, हा स्वतः औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करतो, आणि रस्त्यांच्या बाबतीत त्याचा शब्द आमच्या सोसायटीत शेवटचा मानला जातो. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि ओरडला, "भाऊ, ह्यां अंधेरीचां न्हय! ह्यां नवी मुंबयचां!"

"माहीत आहे मला," मी म्हणालो. "मुद्दाम तिथलं काढलंय."

खरं तर तिकिटावरचं 'नवी' मी तेव्हाच पहिल्यांदा वाचलं होतं. पण एकदा 'मुद्दाम' म्हटल्यावर माणसाला मागे फिरता येत नाही. मग मी त्याला समजावलं की हा नवा विमानतळ एकट्या नवी मुंबईचा नसून ठाणे, कल्याण, पनवेल या सगळ्यांचा आहे, पुण्याचे लोकसुद्धा त्याच्याकडे आशेने बघतात, आणि मुलुंड पूर्वेच्या माणसाने ऐरोलीचा पूल ओलांडला की तो तिथे पोचल्यातच जमा असतो. हे सगळं मला त्या क्षणी सुचलं. चंद्रप्रकाश म्हणाला, "पोचल्यात जमा आणि पोचलो, यात लय फरक आहे भाऊ."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. मुलुंडचा माणूस नक्की कुठल्या विमानतळाचा, यावर दोन पक्ष पडले. एक म्हणाला पवईवरून अंधेरी गाठणं म्हणजे अर्धा दिवस. दुसरा म्हणाला खाडीपलीकडे वाट चुकली तर थेट उरणला निघाल. एका बाईंनी विचारलं की तिथे विमानं रोज सुटतात की फक्त शनिवार-रविवारी. एकाने तर तिकीट रद्द करून उत्तराला बसने पाठवायचा सल्ला दिला, का तर त्याची मेहुणी बसने गेली होती आणि सुखरूप होती. मी सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं: "येत्या रविवारी आम्ही विमानतळ प्रत्यक्ष बघून येणार आहोत."

इथे मी थांबलो असतो तर सगळं साधं राहिलं असतं. पण नुसतं बघून येणं मला अर्धवट वाटायला लागलं. वेळ मोजायची तर सामानासकट मोजायला हवी. बॅग डिकीत चढवायला, उतरवायला, ढकलायला किती वेळ लागतो ते रिकाम्या हातांनी कसं कळणार? म्हणून मी जाहीर केलं की तालीम पूर्ण वजनाची होईल. फक्त खरं सामान भरायचं नाही, कारण डिंकाचे लाडू दोनदा हिंदकळले तर चुरा होतो. उत्तराने गेले दोन महिने लाडू, अळीव, सुंठ, बाळगुटी, जुन्या सुती साड्यांची दुपटी, कुंच्या असं काय काय करून कपाटात ठेवलं होतं. त्याला हात न लावता मी बॅगेत रद्दी भरली. बॅग रिकामी दोन किलो आठशे ग्रॅम. रद्दी, घरच्या ताणकाट्यावर मी स्वतः मोजून, बरोबर बारा किलो. एकूण चौदा किलो आठशे. उरलेले दोनशे ग्रॅम मी हवेच्या दमटपणासाठी सोडले. बॅगेला आकड्यांचं कुलूप लावलं आणि उत्तराला म्हणालो, "याला म्हणतात नियोजन."

उत्तरा म्हणाली, "बरं."

छत्तीस वर्षांच्या संसारात या 'बरं'चे मी निदान सहा प्रकार ओळखतो. हा कुठला होता याकडे मी त्या वेळी लक्ष दिलं नाही.

गाडी चंद्रप्रकाशची ठरली. त्याची सात सीटची आहे, त्यामुळे त्याची बायको सुगंधा म्हणाली, "मी पण येते, मला कधी बघायला मिळणार विमानतळ?" ती येणार म्हटल्यावर पुरी-भाजी आली. पुरी-भाजीचा वास जिन्यात गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे मार्तंडकाका आले. काका एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या तरुणपणी कुणी परदेशी निघालं की अख्खी चाळ टेम्पो करून सांताक्रूझला सोडायला जायची, हार घालायची, रडायची आणि येताना भेळ खाऊन यायची. गेल्या तीस वर्षांत आपल्याला कुणी विमानतळावर नेलं नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. ते टोपी घालून, हातात झेंडूचा मोठा हार घेऊन खाली उभे होते.

"काका, आज जायचं नाहीये. आज तालीम आहे," मी म्हणालो.

"तालमीला हार नको? मग हार घालायचा कसा ते कळणार कसं?" काका म्हणाले. माझंच तत्त्व मला ऐकवून ते हारासकट गाडीत जाऊन बसले.

निघताना सुगंधाने उत्तराच्या हातावर दही-साखर ठेवली. मी म्हणालो, "अगं, हे खोटं खोटं निघणं आहे."

"दही काय खोटं देऊ?" सुगंधा म्हणाली. "खा गं उत्तराताई."

उत्तराने दही खाल्लं, देवाला नमस्कार केला, गॅस बघितला आणि निघाली. मी घड्याळ लावलं. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं.

प्रवासाचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण त्यात माझा फारसा गौरव नाही. फोनमधली बाई आम्हाला व्यवस्थित सांगत होती. पण ऐरोली ओलांडल्यावर मला वाटलं की ती आपल्याला उगाच लांबून नेते आहे. मी चंद्रप्रकाशला म्हणालो, "हिला इथलं काय माहीत? डावीकडे घे." चंद्रप्रकाशने घेतलं. त्यानंतर आम्ही एका गोदामाच्या आवारात गेलो, तिथून एका शाळेच्या मैदानात गेलो, आणि शेवटी उलव्यात एका गल्लीच्या टोकाला जाऊन थांबलो. तिथून विमान उतरताना छान दिसलं. मार्तंडकाकांनी टाळ्या वाजवल्या. पण आमच्या आणि विमानाच्या मध्ये भलं मोठं कुंपण होतं.

"वाट लागली," चंद्रप्रकाश म्हणाला. "भाऊ, आता तोंड बंद ठेवा आणि तिला बोलू द्या."

'तिला' म्हणजे फोनमधल्या बाईला. मी पुढची वीस मिनिटं गप्प बसलो, आणि आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी विमानतळाच्या दारात पोचलो. इमारत झकास होती. मार्तंडकाका गाडीतून उतरून नुसते वर बघत उभे राहिले. मी वहीत 'दोन तास दहा मिनिटं' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात 'अंतर्गत मतभेदांसह' अशी टीप दिली.

आता आत जाऊन काउंटर, काटा आणि स्वच्छतागृह बघायचं होतं. दारात एक जवान उभा होता. मी त्याला उत्तराचं तिकीट दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं.

"अंकल, ये तो अगले हफ्ते का है।"

"हाँ। आज हम सिर्फ देखने आए हैं।"

"तो आप अगले हफ्ते आके देखिए।"

मी त्याला माझी भूमिका समजावून सांगितली. परीक्षेचं उदाहरण दिलं. मी निवृत्त सरकारी अधिकारी आहे, आतला काटा शिक्का मारलेला आहे की नाही एवढंच लांबून बघून येतो, असंही म्हणालो. मागे माणसांची रांग वाढत होती. जवानाने माझ्याकडे बघितलं, माझ्या वहीकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाला, "सर, बिना टिकट तो मैं अपनी मम्मी को भी अंदर नहीं छोडता।" मी बाजूला झालो. मागून एक मुलगी हसत आत गेली.

चौतीस वर्षं मी दुकानात शिरलो की दुकानदार उभे राहायचे. त्या दिवशी मी एका दाराबाहेर बॅगेवर बसून पुरी खाल्ली.

माझं तोंड पडलेलं बघून मार्तंडकाकांनी सूत्रं हातात घेतली. "आत नाही तर नाही. हार बाहेरच घालायचा असतो," असं म्हणून त्यांनी उत्तराच्या गळ्यात तो हार घातला. सुगंधा फोटो काढायला लागली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. दोघाजणांनी उत्तराला नमस्कार केला, एकाने मला हळूच विचारलं, "मॅडम किधर से खडे हैं?" उत्तरा लाजून लाल झाली होती आणि हसत होती. बऱ्याच दिवसांनी मी तिला तसं हसताना बघितलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुकुलचा होता. उत्तराने ऐकलं, तिचं हसू गेलं, आणि ती म्हणाली, "कधीपासून?" मग म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाल्या?" मग नुसती मान हलवत राहिली.

दीप्तीला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. तारखेच्या दोन आठवडे आधी. हॉस्पिटलात दाखल केलं होतं, संध्याकाळपर्यंत बाळ येईल असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. उत्तराने फोन स्पीकरवर टाकला तेव्हा मागून दीप्तीचा आवाज मला ऐकू आला, "आईला सांग ना, ये म्हणून." बत्तीस वर्षांची, टीम लीडर का कोण असलेली माझी मुलगी, पहिलीच्या वर्गात सोडताना रडायची त्याच आवाजात बोलत होती. पुढच्या आठवड्याचं तिकीट माझ्या खिशात होतं आणि मला ते फाडून टाकावंसं वाटलं.

"आज विमान आहे का रे मुकुल?" उत्तराने विचारलं. तिचा आवाज माझ्यापेक्षा खूपच स्थिर होता.

मुकुल म्हणाला, "आई, मुंबईहून दुपारचं एक विमान आहे, पण नवी मुंबईच्या नव्या एअरपोर्टवरून. तुम्हाला तिथे पोचायला किती वेळ लागेल?"

आम्ही पाचही जणांनी एकमेकांकडे बघितलं. चंद्रप्रकाशने फोनजवळ तोंड नेलं आणि ओरडला, "अरे बाबा, आम्ही हयच उभे आसंव! काढ तिकीट!"

चार मिनिटांत तिकीट उत्तराच्या फोनवर आलं. आधार कार्ड पर्समध्ये होतं. बॅग हजर होती. सुगंधाने पुऱ्यांचा उरलेला डबा तिच्या हातात कोंबला. उत्तराने मला फक्त एवढंच सांगितलं, "दूध उद्यापासून अर्धा लिटरच घ्या," आणि ती हारासकट दाराकडे निघाली. जवानाने तिकीट बघितलं, तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं.

"अब आज का है," मी म्हणालो. "बेटी की डिलिवरी है।"

त्याने बाजूला होऊन तिची बॅग स्वतः उंबऱ्यावरून आत घेतली. "जाइए माताजी। अंकल, फिकर मत करो।" तालीम वाया गेली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

अर्ध्या तासाने काउंटरवरून तिचा फोन आला. "अहो, बॅग दिली. चौदा किलो नऊशे ग्रॅम भरली. आता तपासणीला जाते, ठेवते." आणि ठेवला.

"बघितलंस!" मी चंद्रप्रकाशला म्हणालो. "चौदा आठशे मी मोजली होती. शंभर ग्रॅम दमटपणाचे. म्हणूनच मी जागा सोडली होती."

"मानला भाऊ तुम्हाला," चंद्रप्रकाश म्हणाला. "पण लाडू दमट होऊन चालतील का?"

"लाडू कुठले? ती तर रद्...."

माझी बायको लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला बारा किलो जुनी वर्तमानपत्रं घेऊन निघाली होती. दुपटं नाही, कुंची नाही, लाडू नाही. मी तिला फोन लावला, तो वाजत राहिला. दाराकडे धावलो. जवान म्हणाला, "सर, अब क्या?" बॅगेत रद्दी आहे हे मी हिंदीतून कसं सांगणार आणि सांगून ती काय परत येणार होती? थोड्या वेळाने तिचा फोन बंदच लागायला लागला.

परत येताना गाडीत मार्तंडकाका मला धीर द्यायला म्हणाले, "बाळाला काय, वर्तमानपत्रातही गुंडाळता येतं. आमच्या वेळी..." सुगंधाने त्यांना चिमटा काढला. चंद्रप्रकाश म्हणाला, "पुऱ्या तरी आहेत भाऊ." आम्ही एक तास पाच मिनिटांत मुलुंडला पोचलो. ती वेळ मी वहीत लिहिली नाही.

घरी शिरल्या शिरल्या मी ठरवलं की मिळेल त्या विमानाने, ट्रेनने, अगदी त्या मेहुणीच्या बसने सामान घेऊन आपणच जायचं. कपाट उघडलं. रिकामं. दुपटी नाहीत, कुंच्या नाहीत, बाळगुटीची सहाणसुद्धा नाही. स्वयंपाकघरात लाडवांचा डबा काढला. तळाशी एकच लाडू होता, वाटीखाली झाकून ठेवलेला. मग पलंगाचा बॉक्स उघडला. आत, सुतळीने नीट बांधून, माझी बारा किलो रद्दी ठेवलेली होती.

मी पलंगावर बसलो आणि तो लाडू खाल्ला. खाताना रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सव्वासात वाजता फोन आला. "मुलगी झाली हो," उत्तरा म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत. मी दोन तास आधी पोचले. माझा हात धरून होती पोरगी शेवटपर्यंत."

मी फोन कानाला धरूनच देवापुढे साखर ठेवली. मग मी विचारलं, "बॅग कधी बदललीस?"

"तुम्ही दाढी करत होतात तेव्हा. कुलपाचा आकडा दीप्तीच्या वाढदिवसाचा, तुमचे सगळे आकडे तेच असतात. अहो, पहिलटकरणीचं काय सांगता येतं? आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हटलं, विमानतळापर्यंत जातोच आहोत, तर खरंच सामान नेऊ."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही ते सगळं परत मोजायला काढलं असतंत. मग निघालो असतो का आपण?"

हे खरं होतं. "आणि तू कशावर मोजलंस?"

"कशावर म्हणजे? हातावर. उचलून बघितलं, पंधराच्या आत वाटलं."

मग माझ्याच्याने राहवेना. "बाळाचं वजन किती?"

"दोन किलो सातशे."

"काट्यावर शिक्का होता का, बघितलंस?"

"काट्याचं सोडा. नर्सने सांगायच्या आधीच मी बाळाला हातात घेऊन म्हटलं होतं, दोन सातशे. ती म्हणाली, आजी, बरोबर." उत्तरा हसली. विमानतळावर हार घातल्यावर हसली होती तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रद्दीवाला आला. मी ती बांधलेली रद्दी बाहेर काढून दिली. त्याने आपला काटा धरला, तो कसा धरतो ते गेली वीस वर्षं मी रोखून बघत आलोय आणि दर वेळी त्याला दोनदा मोजायला लावतोय. तोही तयारीत उभा होता. "साडेदहा किलो, साहेब," तो म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

जिन्यात चंद्रप्रकाश पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा होता. तोही वाट बघत होता.

"असू दे रे," मी रद्दीवाल्याला म्हणालो. "ने. आणि हा पेढा खा, मला नात झालीय."